आज सकाळी योहान २१

आज मोबाईल हातात घ्यायच्या आधी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय वाचला आणि दिवसभर येशूचा शिष्य पेत्रच डोक्यात राहिला.

येशूला अटक झाली त्या रात्री, कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभं राहून, त्याने प्रभूची ओळख नाकारली होती, एकूण तीनदा. पुनरुत्थानानंतर पहाटे, तिबिर्या समुद्राच्या काठी, येशू त्याला भेटतो तेव्हाही कोळशाचाच विस्तव पेटलेला. त्यावर मासळी, सोबत भाकर. आधी न्याहारीला बोलावणं, मग प्रश्न. आणि प्रश्न तरी कोणता? माझ्यावर प्रीती करतोस का? तोही तीनदा. ‘त्या रात्री असं का केलंस?’ हे एकदाही नाही! (आपण असतो तर सुरुवातच तिथून केली असती.) उलट आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्याच हवाली केली.

दुपारी मैत्रिणीचा फोन. "देव क्षमा करतो हे पटतं गं, पण सकाळी डोळे उघडले की जुनं सगळं माझ्याआधी उठून बसलेलं असतं."

तिला हाच अध्याय वाचायला सांगितला. एकदा मनापासून कबूल केलेलं पाप रोज नव्याने उकरायला देव सांगत नाही. त्याची दया रोज सकाळी नवी होते, असं बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकाच्या ३ ऱ्या अध्यायात आहे, आणि तेही उद्ध्वस्त यरुशलेमेसाठी रडताना लिहिलेलं. येशूही एकदा पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला होता. आपल्याला पाच मिनिटं जमली तरी चालतील, शब्द साधेच असू देत.

उद्या सकाळी सहाला आम्ही दोघी फोनवर प्रार्थना करणार आहोत. कुणाला यायचं असेल तर मेसेज करा.