होडीला खांदा

डोक्यावर काहील पालथी घालून चाललेला माणूस आमच्या भागात कुणाला नवा नाही. गुऱ्हाळातली काहील महापुरात होडी होते, माणसं-शेरडं पैलतीरी पोचवते आणि पाणी ओसरलं की परत गुळाच्या कामाला लागते. पण ऐन थंडीत, कृष्णा नदी गुमान पात्रात असताना, चार माणसं लांबुडकी फायबरची होडी घेऊन उसाच्या पाणंदीतून चालली आहेत, हे मात्र सांगलीजवळच्या डिग्रजकरांना पचायला जरा जड गेलं.

खूळ पुतण्याचं. तो असतो कॅनडात. तिकडं ऑन्टॅरिओतल्या अल्गोनक्विन पार्कात लोक दिवसच्या दिवस कनू, म्हणजे तसलीच लांबुडकी होडी, वल्हवत हिंडतात. एक तळं संपलं की होडी पालथी करून खांद्यावर घ्यायची, रानातल्या वाटेनं पुढच्या तळ्यावर न्यायची, पुन्हा पाण्यात सोडायची. याला म्हणे पोर्टेज. वाट किती लांब ते सांगणाऱ्या पिवळ्या पाट्याही असतात. कनूच्या मधोमध एक आडवं जू असतं. ते मानेमागं नीट बसलं की एकटा गडी होडी नेतो. सामान एका खेपेत उरकलं नाही तर परत यायचं, म्हणजे १ किलोमीटरच्या वाटेला ३ किलोमीटर चाल. जुन्या काळी फरच्या व्यापारातले वल्हेकरी ९०-९० पौंडांची दोन-दोन गाठोडी कपाळावरच्या पट्ट्यानं तोलून हीच पायपीट करायचे. तो हे भक्तिभावानं सांगत होता. मला हमालीच दिसत होती.

"काका, भिलवडी ते सांगली करू. वाटेत डिग्रजचा बंधारा आहे, पोर्टेजपण होईल." जणू वाटेत रसवंती आहे, तिथं थांबू!

पाण्यावरचा भाग सुखाचा. धुकं विरत होतं, काठाच्या मळीत वांग्यांची तोडणी चालली होती, मोटारींचे पाइप पाण्यात तोंड बुडवून पडले होते. हा मुलूख मगरींचा. थंडीत त्या उन्हाला काठावर येऊन पडतात, त्यामुळे दिसतात तरी. न दिसणाऱ्यांची काळजी जास्त. पाण्यात हात घालायचा नाही, हे कुणाला दोनदा सांगावं लागलं नाही. ब्रह्मनाळला येरळा येऊन मिळते. २०१९ च्या महापुरात इथं बोट उलटून माणसं गेली. तेवढं अंतर कुणी बोललं नाही.

मग बंधारा. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवायचे, दोन ओळींमध्ये माती ठासायची आणि पाणी तुंबवायचं. मृगाच्या आधी सगळं काढून घ्यायचं. ही कोल्हापूर पद्धत. कॅनडात वाट अडवायला धबधबे आणि खडक आहेत, आमच्याकडं पाटबंधारे खातं समर्थ आहे.

खरी गंमत काठाची. कृष्णेची दरड म्हणजे सरळसोट काळी माती, वर दव पडलेलं. आमच्या होडीला जू नव्हतं, वजन भरपूर होतं. दोन पावलं वर, एक खाली. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, हा २०१९ चा आकडा सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. मलाही होता. पण नुसत्या पन्नासएक फुटांत केवढी नदी मावते, ते कळायला होडी खांद्यावर घेऊन ती दरड चढावी लागते. होडीत बसून नदीची फक्त रुंदी दिसते.

वर पाणंदीत ऊसतोडीची गाडी समोरून आली. पांढऱ्या रंगाची लांबट वस्तू, तीही चौघांच्या खांद्यावर! गाडीवानानं बैल बाजूला घेतले, डोक्याचा टॉवेल काढला. जवळ आल्यावर त्याला उलगडा झाला.

"पावनं, नदी तिकडं हाय."

पुतण्यानं त्याला पोर्टेज समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी ही तुमास्नी न्हेती का तुमी हिला?" एवढं विचारून त्यानं बैल हाकले.

बंधाऱ्याखाली उतरलो तर घोटाभर पाणी आणि शेवाळलेले दगड. बरग्यांच्या फटींतून पाणी नुसतं पाझरत होतं. उन्हाळी दिवसांत कोयनेतून पाणी सुटलं की सांगलीची नदी हलते; एरवी ती एकीपुढं एक मांडलेली तळीच. म्हणजे अल्गोनक्विनशी आमचं साम्य आहे म्हणायचं, आणि ते आम्ही काँक्रीट ओतून मिळवलंय. बसलं की होडी टेकायची, उतरलं की तरंगायची. शेवटी दोरी बांधून म्हशीसारखी ओढत नेली, ती पुढचा डोह लागेपर्यंत.

आयर्विन पूल दिसला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. हरिपूरला वारणेच्या संगमापर्यंत जाऊ, असं पुतण्याचं म्हणणं. पण मध्ये सांगलीचा बंधारा, म्हणजे पुन्हा खांदा. आम्ही तिघांनी परस्पर होडी काठाला लावली आणि भडंग आणायला त्यालाच पिटाळलं. जाताना कुरकुरत होता, तिकडं लोक याच्यासाठी पैसे मोजतात म्हणून.

मोजोत बापडे.