ढगाळ घाटात

दिवे घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत ढग खाली आले होते, वारा पडला होता आणि घाम वाळायचं नाव घेत नव्हता. दिंडी मात्र खूश. "आज माऊलींनीच सावली धरली," म्हणत पावली चालली होती. माझा पेशा पशुवैद्यकाचा. मला असल्या दिवसाचीच धास्ती वाटते. उन्हात माणूस निदान सांभाळून चालतो.

चालताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो. उरलेली सगळी उष्णता होऊन अंगात साठते आणि ती बाहेर काढावीच लागते. कातडीचं तापमान ३३ ते ३५ अंश. हवा त्याहून बरीच थंड असेल तर उष्णता आपोआप जाते. नाहीतर सगळी भिस्त घामावर. लिटरभर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. टपकून रस्त्यावर पडलेला थेंब काहीच नेत नाही. घाटात सगळा घाम टपकतच होता. त्यात भुरभुर सुरू झाली आणि प्रत्येकाने प्लॅस्टिकचा कागद पांघरला. आत वाफ कोंडते, बाहेरून पाऊस लागत नाही, एवढंच समाधान. सांगून बघितलं. "भिजलो तर ताप येईल," हे उत्तर ठरलेलं.

माझ्या पुढच्या ओळीतल्या काकांचा टाळ वरच्या वळणावर ठेक्यातून सुटायला लागला. आधी अर्धी मात्रा मागे, मग भलतीकडेच. इतकी वर्षं टाळ धरलेला माणूस ठेका चुकतो तेव्हा हात दमलेला नसतो, डोकं तापलेलं असतं. नाव विचारलं तर बरोबर सांगितलं. गाव विचारलं तर हसले. "रामकृष्णहरी" म्हणाले आणि खाली बसले.

कागद ओढून काढला तेव्हा आतला सदरा पिळून काढण्याइतका ओला होता. उष्माघातात कातडी कोरडीच असते असं अनेकांना वाटतं, पण चालता-चालता होणाऱ्या उष्माघातात घाम सुरू असू शकतो. बघायचं ते भान. आतलं तापमान ४० च्या वर आणि बोलण्यात गोंधळ, ही खरी खूण. काखेत लावलेला थर्मामीटर अशा वेळी फसवतो, कारण ओल्या काखेतला आकडा आतल्यापेक्षा बराच कमी येतो. माझ्या पिशवीतला थर्मामीटर गुरांचा, आणि तो जिथे लावतात तिथे भर रस्त्यात लावायला काकांची मुलं तयार झाली नसती. आकड्याची वाट न बघता गार करायला घ्यायचं.

पाणी कुठून आणायचं हाच प्रश्न होता. घाट चढवून जू उतरवलेली एक जादा बैलजोडी कडेला उभी होती, शेजारी पिंप. बैलवाल्याने काही विचारलं नाही. बादली बुडवली आणि काकांच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर, काखेत ओतली. दुसरी, तिसरी. मग डोक्याचा फेटा सोडून भिजवला, त्यांच्या अंगावर टाकला, आणि घोंगडीची दोन टोकं मला धरायला देऊन वारा घालायला लागला. ओली कातडी आणि वारा: बर्फाचा टब नसेल तर उघड्यावर हाताशी असलेला हा चांगला उपाय. तेवढ्यात कुणीतरी तापाची गोळी पुढे केली. माझा आवाज जरा चढलाच. तापात मेंदूतला हायपोथॅलॅमस स्वतःच तापमानाची पातळी वर नेतो आणि गोळी ती खाली आणते. इथे पातळी ३७ वरच आहे, शरीराला ती राखता येत नाहीये. गोळी काय करणार? तोंडात पाणीही भान आल्याशिवाय घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं.

दहा-पंधरा मिनिटांत काकांनी गाव सांगितलं, मग टाळ मागितला. मी त्यांना दिंडीच्या रुग्णवाहिकेत बसवलं, ते रागावले.

पिंपात निम्मं पाणी उरलं होतं. ते बैलवाल्याने खिलाऱ्यांच्या पायांवर आणि मानेखालच्या पोळीवर ओतलं. बैलाचं नेहमीचं तापमान ३८.५ च्या आसपास असतं, आणि कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात, चारा आंबताना सतत उष्णता तयार होते ती वेगळीच. खिलारला तरी पांढरे केस आणि बऱ्यापैकी घाम आहे. म्हशीला ते भाग्य नाही, म्हणून ती डबक्यात बसते. आम्ही दोघांनी भकाळीची, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागाची, हालचाल मोजली. सावलीत उभा बैल मिनिटाला २० ते ३० श्वास घेतो. हा साठ श्वासांच्या पुढे होता, पण तोंड मिटलेलं. तोंड उघडून लाळ गळायला लागली आणि जीभ बाहेर आली की त्याला जुंपायचं नाही. एका पोराने ओलं पोतं पाठीवर टाकलं, ते बैलवाल्याने लगेच काढलं. थोड्या वेळात पोतं तापतं आणि खालचा घाम अडतो. प्लॅस्टिकच्या कागदाचंही तेच, पण बैलाच्या पाठीवरचं पोतं काढता येतं. बैलवाल्याचं नाव विचारायचं राहून गेलं. पाया पडलो तर तोच आधी वाकला.

जेजुरी, वाल्हे, नीरास्नान झालं.

लोणंद सोडेपर्यंत अंग सरावलं होतं. आठ-दहा दिवस रोज तापलं की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. नातेपुते-माळशिरसच्या बाजूला ऊन आणि कोरडा वारा. घाम दिसायच्या आत वाळतो, त्यामुळे किती गेला ते कळत नाही. सदऱ्यावरचे मिठाचे पांढरे नकाशे सांगतात. या टप्प्यात नुसतं पाणी ढोसणारे संध्याकाळी डोकं धरून मळमळत बसतात, कारण रक्तातलं सोडियम उतरतं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका.

रिंगणात अश्व धावला तेव्हा मला आधी त्याच्या मानेवरचा फेस दिसला. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, त्याने घाम दाट केसांतून पसरतो आणि फेसाळतो. पुढच्या क्षणी टापांखालच्या मातीसाठी मीही इतरांसारखा धावलो.

वाखरीला रात्रभर पाऊस. तंबूतल्या एका आजींचे दात वाजत होते. ओल्या लुगड्यावरच घोंगडी. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं, आणि कुडकुडून शरीर जेवढी तयार करतं ती सगळी त्या लुगड्यात जाते. "आजी, आधी लुगडं बदला." "पंढरीत बदलीन." शेवटी दोघींनी घोंगडीचा आडोसा धरला आणि कोरडं नेसवलं. अर्ध्या तासात कुडकुडणं थांबलं. मी सांगितलं की पहाटे शरीराचं तापमान दिवसातलं सगळ्यात खाली असतं, एकादशीला जरा उजाडल्यावर चंद्रभागेत उतरा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो. "चारला," म्हणाल्या, "आणि तूही ये."