कोंबड्यांचा कूलर

वर्ध्याच्या आमच्या घरामागे टिनाचं एक शेड आहे. गळका ड्रम, तीन चाकांची बाबागाडी, मूठ नसलेल्या छत्र्या, असं सगळं त्यात सुखानं नांदतं. काही काढायला गेलं की बाबांचं ठरलेलं, "काहून फेकतं? असू दे, कामी येते." चाळीस वर्षांत त्यातलं काही कामी आलेलं मी पाहिलं नव्हतं. मग मागच्या दिवाळीनंतर बाबांनी बाजारातून चार गावरान तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणल्या आणि शेडचं कुलूप उघडलं.

खुराडं झालं जुन्या लोखंडी कूलरचं. आता वाटतं, कूलर मुळात खुराडंच असावा, आपण उगीच त्यात पंखा बसवतो. पाय आहेत, म्हणजे जमिनीची ओल लागत नाही. तीन बाजूंना झडपा, म्हणजे हवा खेळती. तळाच्या पाण्याच्या टाकीत तूस पसरला. धुवायचं झालं तर पाणी काढायचं भोक आहेच. पंख्याचं गोल तोंड हे दार, आणि त्यावर आजीच्या धान्याच्या कोठीचं झाकण, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी ताणून बांधलेलं. आत कुदळीचे दोन दांडे आडवे टाकले. कोंबड्या रात्री दांड्यावर बसूनच झोपतात, आणि उंचावरच्या दांड्यासाठी रोज तिन्हीसांजेला जी ढकलाढकली होते ती पॅसेंजरमध्ये खिडकीसाठीही होत नाही.

अंड्यांसाठी बाबांनी 1984 साली घेतलेला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही काढला. लाकडी शटरचा. आतलं सामान भंगारवाल्यानं कधीच नेलं होतं, खोकं मात्र राहिलं होतं. कोंबडीला अंडं घालायला अंधारी, आडोशाची जागा लागते, म्हणून शटर अर्धं ओढून ठेवायचं. उरलेल्या अर्ध्या पडद्यातून ती मान ताठ करून आपल्याकडे बघत बसते. बातम्या द्यायला बसल्यासारखी.

सगळं फुकटात झालं म्हणून बाबा आठवडाभर कॉलर ताठ करून फिरले. आठव्या दिवशी उजाडता उजाडता मुंगूस आलं. झडपांच्या आत बाबांनी जुनी षटकोनी जाळी लावली होती. ती कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. गंजलेल्या तारा त्यानं दातांनी सहज फाकवल्या. सकाळी तुसात पिसं होती आणि दांड्यावर तिघी. बाबा चहा न घेताच बाजारात गेले आणि अर्ध्या इंचाची वेल्डिंगची जाळी घेऊन आले. तोवर त्या खुराड्यातली तेवढी एकच गोष्ट विकतची होती. तिची किंमत त्यांनी अजून कोणाला सांगितलेली नाही.

मे उजाडला, पारा 45 वर गेला. कोंबडीचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास, त्यात तिला घाम येत नाही. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून तिघी धापा टाकत उभ्या. अंडी बंद. बाबांनी खुराडं ओढत कडुनिंबाखाली नेलं आणि पश्चिमेच्या झडपांमागे नवी खस बांधली. वर पाण्याचा डबा, त्याच्या बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं. पंख्याची गरजच नाही, लू स्वतःच वाहते आणि ओल्या खशीतून थंड होऊन आत येते. थोडक्यात, कूलरचा पुन्हा कूलर झाला. दिवसभर मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबड्या अकरा वाजताच आपणहून आत जायला लागल्या.

आई मात्र धुसफुसली. "आपल्या कूलरले मिस्त्री भेटत नाही अन् कोंबड्याइले नवी खस!"

परवा दुपारी दोनला लाइन गेली. घरातला कूलर घरघरून थांबला. थोड्या वेळानं मी मागे गेलो तर कडुनिंबाखाली आईची खाट, आणि आई खुराड्याच्या गोल दाराकडे तोंड करून गाढ झोपलेली. बाबा मगनं डब्यात पाणी ओतत होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.