ओढ्याकडच्या आठ ओळी

शुक्रवारी रात्री पावणेबाराला मी अंथरुणात बसून युरोपियन हवामान मॉडेलचा रन, म्हणजे ताजा अंदाज, उतरायची वाट बघत होतो आणि बायको पलीकडून म्हणाली, "एवढी वाट तर माझ्या फोनचीबी कधी बघितली नाही." तिला काय सांगणार. या मॉडेलांचं घड्याळ ग्रिनिचचं, बाराचा रन म्हणजे आपली संध्याकाळची साडेपाच, आणि तो शिजून फोनवर यायला रात्रीचे साडेअकरा-बारा होतातच. अमेरिकेचं जीएफएस त्यामानानं लवकर येतं, नऊ-साडेनऊपासून नकाशे हलायला लागतात, पण त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हे आमच्यात रोजचं भांडण.

आमच्यात म्हणजे आम्ही तिघं. मी तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्षाचे प्लॉट बघतो, फवारणी, खत, पाणी यावर सल्ला देतो, पोट त्याच्यावर. दुसरे विट्याचे एक मास्तर, भूगोल शिकवतात. तिसरा मिरजेचा बँकेतला मित्र, त्याला ना शेती ना बाग, नुसता हवामानाचा नाद. आमचं काम एकच, नकाशे बघायचे आणि एकमेकाला वेड्यात काढायचं.

सुरुवात आधीच्या रविवारी झालेली. जीएफएसनं दहा दिवसांनंतरची एक रात्र अशी दाखवली की निळा रंग नाशिक, नगर करत पार सोलापूर-सांगलीपर्यंत उतरलेला. तासगावावर आकडा सहा! मित्रानं स्क्रीनशॉट टाकला, मास्तरांनी लगेच लिहिलं, "दहा दिवसांपुढचं जीएफएस बघून स्वेटर काढू नये." पण तोवर तो फोटो कुणीतरी पुढं ढकलला, त्याच्यावर लाल अक्षरात "सांगलीत ४ अंश" असं कुणीतरी चिकटवलं (सहाचे चार कसे झाले देव जाणे) आणि सोमवारी सकाळपासून माझा फोन थांबेना. साहेब पेपर लावायचा का, साहेब माल लवकर काढायचा का.

ही काळजी खोटी नव्हती. आमच्याकडं बऱ्याच ऑक्टोबर छाटणीच्या बागा त्यावेळी अशा अवस्थेत होत्या की मण्यात पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागायला, आठ-पंधरा दिवस उरलेले. थॉमसनसारख्या हिरव्या जातीत नेमकं या काळात रात्रीचं तापमान एकदम घसरलं आणि दिवसा ऊन कडक राहिलं की मणी गुलाबी पडतात, पिंक बेरी म्हणतात. चवीला काही होत नाही हो, पण एक्स्पोर्टवाला तो घड हातात घेऊन नुसता ओठ काढतो आणि पुढं जातो. त्याला उपाय म्हणजे पाणी उतरायच्या आधीच घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा. ऐकायला सोपंय. एका एकरात तीस-पस्तीस हजार घड, एकेकाला कागद, पिन, बायकांची मजुरी, आणि सगळा गाव एकदम उठला की रद्दीसुद्धा मिळत नाही.

मंगळवारी जीएफएसनं ती थंडी गायबच केली. बंगालच्या उपसागरात कमी दाब, पूर्वेकडून ढग, आणि ढग म्हणजे रात्री बागेवर गोधडी टाकल्यासारखं, जमिनीची ऊब वर जातच नाही. लोकांनी मला हसून घेतलं. मी तोपर्यंत युरोपियनचा एन्सेम्बल बघायला लागलेलो. तिथं एकच उत्तर नसतं, सुरुवातीच्या आकड्यांना जरा जरा धक्का देऊन तेच मॉडेल एक्कावन्न वेळा चालवतात आणि मग बघायचं किती जण एकाच दिशेला जातात. मंगळवारी निम्मे थंडीकडं, निम्मे ढगाकडं. मास्तर म्हणाले हे निवडणुकीसारखं आहे, डिपॉझिट कुणाचंच जप्त नाही.

तर त्या शुक्रवारी रात्री युरोपियन आलं आणि चित्र साफ. हिमालयात पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडनं येणारी कमी दाबाची प्रणाली) बर्फ टाकून पुढं सरकलेला, त्याच्या मागनं उत्तर-वायव्येची कोरडी हवा गुजरात, खानदेश करत खाली, ढग नाहीत, ड्यू पॉइंट (हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान) चार-पाचवर. मंगळवारची रात्र. एन्सेम्बलमधले बहुतेक सगळे एका बाजूला. तासगावचा आकडा मात्र अकरा. हवामान खातं मैदानी भागात थंडीची लाट कधी म्हणतं, तर किमान तापमान १० किंवा त्याच्या खाली आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी. म्हणजे नियमानं ही लाटसुद्धा नाही. जीएफएसपण बारा म्हणत होतं. मी निवांत झोपलो. चूक तिथं झाली.

शनिवारी तात्यांच्या प्लॉटवर गेलो. सावळजच्या अलीकडं, अग्रणीला मिळणाऱ्या एका ओढ्याला लागून एक एकर थॉमसन. वरची बाजू मुरमाड, खालच्या आठ ओळी ओढ्याच्या खळग्यात उतरलेल्या. तात्यांनी विचारलं, "काय म्हणतंय सायब तुमचं यंत्र?" मी म्हणालो, अकराच्या खाली जात नाही तात्या, पेपरचा खर्च करू नका. तात्यांची आई बांधावर बसून भाजी निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "वड्याकडं गारठतंय. तितं कायम गारठतंय." मी हसून "व्हय आजी" म्हणालो आणि गाडीला किक मारली. ते हसणं मला अजून आठवतं.

रात्री हे मास्तरांना गंमत म्हणून सांगितलं तर मास्तर गप्प. मग म्हणाले, "अरे, युरोपियनचा एक चौकोन नऊ किलोमीटरचा, जीएफएसचा तेराचा. तुझा ओढा त्यात दिसतो का? तो अकरा आकडा सावळजचा, मणेराजुरीचा, मधल्या टेकाडाचा, सगळ्यांचा मिळून आहे." हे मला माहीत नव्हतं असं नाही हो. दरवर्षी महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठल्याचे फोटो येतात आणि खात्याचा पारा मात्र शून्याच्या बराच वर असतो, कारण तो थर्मामीटर लाकडी पेटीत जमिनीपासून चारेक फूट वर, आणि गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराला लागून तळ्याकाठी साठते. हे मी चार लोकांना समजावून सांगितलंय. तात्यांच्या प्लॉटवर मात्र नकाशाच बघत बसलो.

मंगळवारी दिवेलागणीला दोन थर्मामीटर घेऊन पोचलो. एक वरच्या बाजूला घडाच्या उंचीवर टांगला, एक ओढ्याकडं. रात्री दहाला वर पंधरा, खाली साडेअकरा. वारा पूर्ण पडलेला, पान हलेना, आकाश असं की चांदण्या मोजाव्यात. रात्र अजून निम्मी व्हायची होती आणि साडेतीन अंशांचा फरक पडलेला. तात्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही विचारलं नाही, मोटर चालू करायला गेले. नशीब, थ्री फेजची लाईट त्या आठवड्यात रात्रपाळीला होती.

बोअरचं पाणी हाताला कोमट लागत होतं, ते ओळीतनं सोडलं. ओली जमीन जरा ऊब धरते. मग उसाचं पाचट आणि काड्यांच्या शेकोट्या. आणि तिथं मी जे बघितलं ते कुठल्या नकाशात बघितलेलं नाही. धूर सरळ वर गेला, मांडवाच्या वर आणखी हातभर गेला, आणि तिथं थांबला. जसा काही छताला लागला. मग आडवा पसरत पसरत ओढ्याच्या अंगानं सरकायला लागला, ताटात सांडलेल्या ताकासारखा. खाली गार, वर ऊबदार हवेचं झाकण. इन्व्हर्जन म्हणतात ते पुस्तकात वाचलेलं, इथं टॉर्च मारून बोटानं दाखवता येत होतं. बॅटरी दहा टक्के असूनसुद्धा मी फोटो काढत बसलो, तर तात्या म्हणाले, "सायब, फोटो ऱ्हाऊ द्या, पाचट आणा."

पहाटे साडेपाचला वर साडेदहा. मॉडेल जवळजवळ बरोबर होतं बघा, अर्ध्या अंशाचा फरक. खाली साडेसहा. पानावर दवसुद्धा नावाला, हवाच एवढी कोरडी. दव पडतं तेव्हा थोडी ऊब सुटते आणि पारा जरा अडतो, ते अडणंसुद्धा त्या रात्री नव्हतं. आमच्या शेकोट्यांनी किती फरक पडला? खरं सांगू, अर्धा-एक अंश पडला असेल, ते पण शेकोटीच्या जवळ. पुढच्या दोन रात्री तशाच गेल्या.

उजाडल्यावर खालच्या ओळीतनं फिरत होतो तर अगदी ओढ्याच्या काठच्या दोन ओळींत घडाघडाला कागद. मराठी पेपर, त्यात मागच्या दिवाळीच्या साड्यांच्या जाहिराती, कुठं पिन, कुठं पिन संपली म्हणून सुतळी. तात्यांना पण पत्ता नव्हता. आजी आणि सून रविवार-सोमवार दोन दिवस बसून लावत होत्या. "सुनंच्या म्हायेरी लावत्यात," एवढंच आजी बोलली. मी त्या ओळीत उभा राहून मास्तरांना फोन लावला आणि मग काय बोलायचं ते सुचेना म्हणून ठेवून दिला.

जानेवारी संपताना व्यापारी आला. वरची बाग त्याला पसंत. खालच्या सहा ओळींत घड उचलला की पोटाकडचे मणी गुलाबी, सगळे नाही पण प्रत्येक घडात चार-सहा, आणि एक्स्पोर्टला तेवढे पुरतात. त्या ओळी लोकलला गेल्या, दराचं तात्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या हंगामाची माझी फीसुद्धा मी मागितली नाही, त्यांनी न मागता दिली, ते जास्त लागलं.

शेवटच्या दोन ओळींपाशी व्यापाऱ्यानं एका घडाचा कागद फाडला. आत मणी एकसारखे, दुधी हिरवे, वर पांढरी लव तशीच. त्यानं दुसरा फाडला, तिसरा फाडला आणि तात्यांकडं वळून म्हणाला, हे चालतंय.

आजी मागं उभीच होती. म्हणाली, "त्या दोन वळी माज्या हैत. त्यांचा दर येगळा धर."