पदक मिळालं, पण डिस्चार्ज बुकात नोंद नाही: दुरुस्ती कशी करून घ्यायची

जळगाव-धुळ्याकडे अनेक निवृत्त फौजींच्या घरात भिंतीवर पदकांची फ्रेम असते. त्याच माणसाचं डिस्चार्ज बुक (सेवेतून निघताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक) उघडलं की पदकांच्या रकान्यात एखादीच ओळ असते, कधी तीही नसते. माणूस हयात आहे तोवर कुणाला त्याची अडचण वाटत नाही. शौर्यपदकाचा भत्ता, राज्य सरकारचं अनुदान किंवा मुलाच्या नोकरीच्या फॉर्मवरचा एखादा दाखला यांची वेळ आली की शोधाशोध सुरू होते. तोवर आबा गेलेले असतात आणि कागद कोठे शे, हे आजींना माहीत नसतं.

एक गोष्ट आधी पक्की धरा. जवानांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला पराक्रमाची हकीकत नको असते, ऑर्डरचा नंबर हवा असतो. चार पानं भरून लढाईचं वर्णन पाठवलं तरी उत्तर एका ओळीचं येतं: 'उपलब्ध अभिलेखानुसार नोंद आढळत नाही.' त्याच जागी 'अमुक साली, अमुक युनिटमध्ये असताना, अमुक पदक, पार्ट टू ऑर्डर नंबर हा' असं लिहिलं, तर क्लार्कला फाइल उघडावीच लागते. पार्ट टू ऑर्डर म्हणजे जवानाच्या सेवेतली घडामोड नोंदणारा लेखी आदेश.

नोंद सुटते कुठे, ते कळण्यासाठी ती होते कशी ते पाहू. मोहिमेचं पदक जाहीर झालं की युनिटचा क्लार्क पात्र जवानांचा नॉमिनल रोल (नावांची यादी) तयार करतो आणि तो रेकॉर्ड ऑफिसला जातो. तिथे तपासणी होते, पार्ट टू ऑर्डर निघते आणि त्या आधारे शीट रोलमध्ये (जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रात) नोंद चढते. डिस्चार्ज बुक घरी येताना मिळतं आणि त्या दिवशी शीट रोलमध्ये जे असेल तेवढंच त्यात उतरतं. पदक नंतर मंजूर झालं असेल तर ते शीट रोलमध्ये असतं, बुकात नसतं. ही सगळ्यांत सोपी केस. इथे फक्त बुकात नोंद करून मागायची.

अवघड केस म्हणजे रोलमध्ये नावच गेलं नाही ती. याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे अटॅचमेंट. जवान मूळ युनिटच्या नावावर असतो आणि प्रत्यक्षात दुसऱ्या युनिटबरोबर सीमेवर असतो. मूळ युनिटला वाटतं, ते नाव पाठवतील. त्यांना वाटतं, हा आपला नाही. रोल निघायच्या आधी बदली झाली, रोल बनत असताना जवान हॉस्पिटलात होता, किंवा मोहीम संपताच तो रिझर्व्हमध्ये गेला, तरी हेच होतं. ज्यांची पलटण नंतर दुसऱ्या रेजिमेंटमध्ये गेली, त्यांचे कागदही तिकडे गेले. १९७९ मध्ये मेकॅनाइज्ड इन्फंट्री उभी राहिली तेव्हा जुन्या पायदळ रेजिमेंटच्या काही पलटणी तिच्यात आल्या. अशा पलटणीतला मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहीत बसतो आणि त्याचे कागद असतात अहिल्यानगरला.

आणखी एक ठिकाण फार कमी लोक तपासतात. हवालदाराचा नायब सुभेदार झाला की त्याला नवा जेसी (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) नंबर मिळतो. आधीची पदकं जुन्या आर्मी नंबरवर चढलेली असतात आणि शोध घेणारा फक्त नव्या नंबरवर पाहतो. म्हणून अर्जात दोन्ही नंबर लिहा, शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट.

आता कागद गोळा करू. डिस्चार्ज बुकाचं प्रत्येक पान स्कॅन करा, कोरी पानंसुद्धा. धाब्याच्या घरात ठेवलेल्या काळ्या पेटीत पावसाळ्याची ओल जाते. पानं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका, सावलीत सुकू द्या. बुक लॅमिनेट करू नका. लॅमिनेट केलेल्या पानावर नवी नोंद लिहिता येत नाही, शिक्का उठत नाही. आणि घरातल्या कुणीही त्यात पेनाने पदकाचं नाव लिहू नये. काही घरांत मुलांनी प्रेमाने हे केलेलं असतं, पण त्या एका ओळीमुळे सगळं बुक संशयास्पद ठरतं आणि खऱ्या नोंदींवरही प्रश्न येतो.

खरी पदकं असतील तर त्यांची कड भिंगाखाली बघा. जुन्या सेवापदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. बाजारातून आणलेल्या पदकाची कड कोरी असते. कोरलेल्या कडेचा जवळून फोटो काढून अर्जाला जोडा. गणवेशातल्या फोटोत रिबन दिसते एवढ्यावर मात्र काही सिद्ध होत नाही.

मग सेवेच्या तारखा आणि पदकं समोरासमोर मांडा. समजा जवान १९६३ मध्ये भरती झाला आणि १९७८ मध्ये घरी आला. १९६५ च्या लढाईसाठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल तपासायचं. १९७१ साठी पश्चिमी स्टार किंवा पूर्वी स्टार, शिवाय संग्राम मेडल. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सेवेत होता, म्हणजे स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल. नऊ वर्षं पूर्ण झाली म्हणून ९ वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल. २० वर्षांचं मिळणार नाही, कारण तेवढी सेवा नाही. जम्मू-काश्मीर, नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) किंवा हिमालयाच्या पट्ट्यात काढलेल्या काळासाठी सैन्य सेवा मेडलचा क्लास्प (रिबनवरची धातूची पट्टी). इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो: दोन भागांत सेवा केली म्हणून दोन मेडल मिळत नाहीत, एकाच मेडलच्या रिबनवर दुसरा क्लास्प चढतो. तेव्हा 'दुसरं मेडल मिळालं नाही' असं लिहू नका, 'क्लास्पची नोंद नाही' असं लिहा. कारगिलच्या वेळचे जवान असतील तर ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल ही दोन वेगळी पदकं आहेत. स्टार प्रत्यक्ष लढाईच्या ठरावीक भागातल्यांसाठी आहे, त्यामुळे पोस्टिंगच्या जागेचा पुरावा लागतो.

शौर्यपदकांचं गणित निराळं आहे आणि तिथे नोंदीतल्या एका शब्दावर दरमहाची रक्कम अवलंबून असते. परमवीर चक्रापासून सेना मेडलपर्यंतची शौर्यपदकं आणि मेन्शन इन डिस्पॅचेस (अहवालात नावाचा गौरवाने उल्लेख) भारत सरकारच्या राजपत्रात छापून येतात. राजपत्राची प्रत हा सर्वांत भक्कम पुरावा. तिच्यापुढे पार्ट टू ऑर्डर नसली तरी चालते, कारण ऑर्डर काढणं हे मग ऑफिसचं काम होतं. सेना मेडल शौर्यासाठीही मिळतं आणि विशिष्ट सेवेसाठीही. मासिक भत्ता फक्त शौर्याच्या सेना मेडलला आहे, १ ऑगस्ट २०१७ पासून दरमहा २,००० रुपये. शीट रोलमध्ये नुसतं 'सेना मेडल' एवढंच लिहिलेलं असेल तर भत्ता अडतो. दुरुस्ती मागताना 'गॅलंट्री' हा शब्द नोंदीत घाला, असं स्पष्ट लिहा आणि राजपत्राचं पान जोडा. वीर चक्राला ७,००० आणि शौर्य चक्राला ६,००० रुपये आहेत. हा भत्ता जवानाच्या माघारी पत्नीला मिळतो, म्हणून या नोंदीकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नाही. मेन्शन इन डिस्पॅचेसला वेगळं मेडल नसतं, मोहिमेच्या पदकाच्या रिबनवर कमळाच्या पानाचं चिन्ह लागतं. मोहिमेचं पदकच नोंदलेलं नसेल तर आधी ते.

जखमी झालेल्यांसाठी पराक्रम पदक आहे. त्याला पूर्वी वुंड मेडल म्हणत. इथे सगळं एका वर्गीकरणावर अडतं: कागदात 'बॅटल कॅज्युअल्टी' लिहिलंय की 'फिजिकल कॅज्युअल्टी'? शत्रूच्या कारवाईत झालेली जखम हॉस्पिटलच्या घाईत साधी इजा म्हणून चढली असेल, तर आधी तो शेरा दुरुस्त व्हायला हवा. पदक त्याच्या मागून येतं. हाच शेरा वॉर इंज्युरी पेन्शनलाही लागू पडतो, तेव्हा ही केस लढायची तर नीट तयारीने लढा. हॉस्पिटलचा डिस्चार्ज कागद, इंज्युरी रिपोर्ट आणि त्या काळच्या पार्ट टू ऑर्डरी एकत्र लावा.

शिफारस झाली होती पण पदक मंजूर झालं नाही, अशी केस दुरुस्तीची नसते. त्यात वर्षं घालवू नका. कमेंडेशन कार्ड (वरिष्ठांचं प्रशंसापत्र) हेही पदक नव्हे, राजपत्रात ते सापडणार नाही.

अर्ज कुठे करायचा? मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, गार्ड्सचं कामठीला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) सिकंदराबादला, आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीची अहिल्यानगरला. नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्दचा ब्युरो ऑफ सेलर्स, हवाई दलासाठी दिल्लीत सुब्रोतो पार्क. अर्ज मराठीत पाठवू नका. सागर किंवा जबलपूरला तो वाचणारा मिळेलच असं नाही. हिंदीत किंवा इंग्रजीत, एका पानात लिहा.

पत्रात वर नंबर, हुद्दा आणि नाव, अगदी डिस्चार्ज बुकात आहे तसंच. खान्देशात नावांचा घोळ ठरलेलाच. फौजेत वडिलांचं नाव गळतं, आधारवर ते येतं. आडनावाचं स्पेलिंग बदलतं. गावापुढचं बुद्रुक-खुर्द सुटतं. जुन्या बुकांत जिल्हा 'पूर्व खान्देश' किंवा 'पश्चिम खान्देश' असतो, धुळ्याचं 'धुलिया' असतं आणि आजचा नंदुरबारचा माणूस धुळे जिल्ह्याचा असतो, कारण नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. म्हणून पत्ता दोनदा लिहा, सेवेतला आणि आजचा. नावात फरक असेल तर 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र जोडा. प्रतिज्ञापत्राचा उपयोग एवढाच. पदक मिळाल्याचं प्रतिज्ञापत्र कुणीही मानत नाही, त्यावर स्टॅम्प पेपरचे पैसे घालवू नका.

त्याखाली एकच मागणी: कोणतं पदक, कोणता काळ, कोणतं युनिट, ऑर्डर किंवा राजपत्राचा संदर्भ. तीन पदकं राहिली असतील तर तिन्ही एका तक्त्यात लिहा. एखाद्याचा पुरावा कच्चा असेल तर त्याचा अर्ज वेगळा करा, नाहीतर त्या एकासाठी बाकीची दोन अडकतात.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला दुरुस्तीचा अधिकार नाही, तरीही अर्ज त्यांच्यामार्फत पाठवा. तिथे ओळख पटते, प्रती साक्षांकित होतात आणि जावक क्रमांक मिळतो. एक आगाऊ प्रत स्वतः स्पीड पोस्टने थेट रेकॉर्ड ऑफिसला टाका. मूळ बुक पोस्टाने पाठवू नका. नोंद करायला त्यांनी ते लेखी मागितलं, तर शक्यतो हातोहात द्या आणि पोच घ्या.

ऑर्डर नंबर माहीतच नसेल तर दोन वाटा. पहिली, त्याच कंपनीत त्याच काळात असलेला साथी शोधा. त्याच्या नोंदीत ऑर्डर नंबर असेल तर तो रोल कुठे आहे ते कळतं, कारण एका रोलमध्ये अनेक नावं असतात. दुसरी, माहितीचा अधिकार. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, ३० दिवसांची मुदत. 'मला पदक का नाही?' असं विचारू नका, तो प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. 'शीट रोलमधल्या सन्मान व पदकांच्या पानाची प्रमाणित प्रत द्या, आणि अमुक ते अमुक वर्षांत या नंबरबाबत निघालेल्या पार्ट टू ऑर्डरींच्या प्रती द्या' असं मागा. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील. माहितीच्या अधिकारातून कागद मिळतो, दुरुस्ती होत नाही. कागद हाती आल्यावर दुरुस्तीचा अर्ज वेगळाच करायचा.

पेन्शनशिवाय घरी आलेल्यांचे कागद २५ वर्षांनंतर नष्ट केले जातात. तसं उत्तर आलं तर तिथे थांबू नका, लाँग रोलचा (भरती झालेल्यांच्या नोंदवहीचा) उतारा मागा. तो कायम जपला जातो. त्यात भरती आणि डिस्चार्जच्या तारखा मिळाल्या, तर १५ ऑगस्ट १९७२ सारख्या ठरावीक दिवशी सेवेत असण्यावर मिळणाऱ्या पदकांचा दावा तरी उभा राहतो.

अर्ज करणारी पत्नी असेल तर मृत्यू दाखला आणि फॅमिली पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) जोडायचा. मुलगा करत असेल तर वारस दाखलाही.

लेखी नकार आला, आणि पुरावा पक्का असेल, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. महाराष्ट्र त्याच्या कक्षेत येतो. अंतिम आदेशापासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो. अर्जाला ६ महिने उत्तरच आलं नाही तरी तिथे जाता येतं. म्हणूनच जावक क्रमांक आणि स्पीड पोस्टची पावती जपा, तारीख त्यावरूनच मोजली जाते.

दुरुस्ती मंजूर झाल्याचं पत्र आलं की नवी नोंद अक्षर न् अक्षर वाचा: पदकाचं नाव, क्लास्प, वर्ष, खाली रेकॉर्ड ऑफिसरची सही आणि गोल शिक्का. शौर्यपदक असेल तर एवढ्यावर भत्ता सुरू होत नाही. रेकॉर्ड ऑफिसने प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयाला (फौजींच्या पेन्शनचं काम पाहणाऱ्या) क्लेम पाठवलाय का, त्याचं पत्र क्रमांकासकट मागून घ्या, आणि सुधारित पीपीओ निघाला की स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवर तो दिसतोय ना, ते तपासा.