सप्टेंबर २०२३ आणि त्यानंतरची आमची घडी

स्टुटगार्टहून आम्ही तांत्रिक भाषांतराचा आणि दुभाषाच्या कामाचा जो छोटा व्यवसाय चालवतो, त्याचे बहुतेक ग्राहक पुणे, चाकण आणि कोल्हापूर परिसरात यंत्रे व सुटे भाग बनवणारे उद्योजक आहेत. युरोपीय संघाच्या २००६ च्या यंत्रविषयक निर्देशानुसार, यंत्र ज्या देशात विकायचे त्या देशाच्या अधिकृत भाषेत वापरपुस्तिका द्यावी लागते, आणि आमच्या कामाचा पाया तोच आहे. जर्मन प्राप्तिकर कायद्याचे १८ वे कलम भाषांतरकार आणि दुभाषे यांची गणना मुक्त व्यावसायिकांत करते, त्यामुळे मला उद्योगनोंदणी करावी लागली नाही. निवास परवान्यासाठी मात्र ग्राहकांची पत्रे, उत्पन्नाचा अंदाज आणि आरोग्यविमा असा कागदांचा गठ्ठा सादर करावा लागला.

सप्टेंबर २०२३ पर्यंत मी एकटाच काम घेत असे आणि फार झाले तर पुण्याच्या एका सहकारी बाईंकडे काही पाने पाठवीत असे. त्या महिन्यात १८ ते २३ तारखेपर्यंत हॅनोवरला यंत्रसामग्रीचे ‘ईएमओ’ प्रदर्शन होते. प्राप्तिकराचा तिमाही आगाऊ हप्ता १० तारखेला भरायचा असतो. त्या दिवशी रविवार आल्याने तो ११ ला भरला. २०२२ चे विवरणपत्र स्वतः भरणाऱ्यांना २ ऑक्टोबरपर्यंत मुदत होती. त्यातच एका ग्राहकाला यंत्र जहाजावर चढण्यापूर्वी संपूर्ण जर्मन पुस्तिका हवी होती. गणेश चतुर्थी १९ ला होती, म्हणजे बाप्पा घरी आले तेव्हा घरचा यजमान हॅनोवरच्या एका स्टॉलवर स्पिंडल आणि कूलंट यांविषयी बोलत उभा होता.

प्रदर्शनातील दुभाषाचे काम बाहेरून वाटते त्याहून वेगळे असते. टॉलरन्स (मापात चालणारा फरक), वेग, धातूची प्रत यांवर दोन्हीकडच्या अभियंत्यांचे आकडे दाखवूनही जमते. खरी कसोटी व्यवहाराच्या अटींवर लागते. वॉरंटी माल कारखान्यातून निघाल्यापासून मोजायची की यंत्र ग्राहकाकडे बसवून चालू झाल्यापासून, सुटा भाग किती दिवसांत पोहोचवायचा, तंत्रज्ञाच्या प्रवासाचा खर्च कोणी करायचा, या प्रश्नांवर आपल्याकडचे उद्योजक सौजन्याने ‘बघू, करू काहीतरी’ म्हणतात आणि समोरचा जर्मन खरेदी अधिकारी तो होकार समजून वहीत लिहून घेतो. अशा वेळी बोलणे थांबवून नेमके काय कबूल केले हे विचारून घेणे मी माझ्या कामाचाच भाग मानतो, मग तेवढ्यापुरता कोणाचा रोष ओढवला तरी चालेल.

प्रदर्शनाच्या काळात हॅनोवरमधील खोल्यांचे भाडे आवाक्याबाहेर जाते, म्हणून मी जवळच्या हिल्डेसहाइम गावी राहून रोज रेल्वेने ये-जा करीत होतो. संध्याकाळी साडेसहाला गाडीत बसे तेव्हा पुण्यात रात्रीचे दहा वाजलेले असत, आणि तरीही सहकारी बाई पुस्तिकेचे तपासलेले भाग पाठवून शंका विचारायला जाग्या असत. ती पुस्तिका वेळेत गेली, याचे निम्म्याहून अधिक श्रेय त्यांचे आहे. वर्षअखेरीपासून त्या भागीदार म्हणून काम पाहू लागल्या आणि व्यवसायाला ‘आमचा’ म्हणण्याची सोय झाली.

पैशांची बाजू त्या महिन्यानंतर आम्ही नव्याने बसवली. जर्मन ग्राहकाच्या बिलावर १९ टक्के मूल्यवर्धित कर लावावा लागतो. भारतीय कंपनीच्या बिलावर तो लागत नाही, परंतु तिचे सीए रक्कम पाठवण्यापूर्वी मी जर्मनीत कर भरणारा रहिवासी असल्याचा तिथल्या कर कार्यालयाचा दाखला आणि परदेशी रक्कम पाठवण्यासाठी लागणारे भारतीय प्राप्तिकराचे अर्ज यांची पूर्तता झाली आहे की नाही हे पाहतात. दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून आता तो वर्षाच्या सुरुवातीलाच मागवतो आणि पहिल्या बिलासोबतच पाठवतो. प्रदर्शनाचे काम असेल तर प्रवास व निवास यांची रक्कम आधी घेतो आणि त्या आठवड्यात पुस्तिकेचे नवे काम स्वीकारत नाही. ओळखीच्या ग्राहकांना हे सांगताना संकोच वाटला, पण कोणी सोडून गेले नाही.

सध्या विचारणा होते ती युरोपीय संघाच्या नव्या यंत्रविषयक नियमाबद्दल. २० जानेवारी २०२७ पासून तो लागू होणार असून त्यानुसार पुस्तिका डिजिटल स्वरूपात देता येईल, मात्र खरेदीच्या वेळी ग्राहकाने मागितल्यास छापील प्रत विनामूल्य आणि एका महिन्याच्या आत द्यावी लागेल. त्यामुळे जुन्या पुस्तिका नव्याने मांडून घेण्याविषयी काही ग्राहकांशी आमची बोलणी चालू आहेत.