ठरावातली एक ओळ

आमच्या रिकव्हरी हाऊसचे हिशेब मी फुकट बघते. नॉर्थ कॅरोलायनातलं साधं घर. अफूसारख्या वेदनाशामक गोळ्या, हेरॉइन, फेंटॅनिल या ओपिऑइड नशांतून बाहेर पडू बघणारी माणसं काही महिने इथं राहतात. भाड्याची ओढाताण कायमची. कुणीतरी म्हणालं, "ओपिऑइड सेटलमेंटचे पैसे काउंटीकडे आलेत, अर्ज का करत नाही?" काउंटी म्हणजे इथला जिल्हा, आणि सेटलमेंट म्हणजे या व्यसनाच्या साथीवरून औषध कंपन्यांवर झालेल्या खटल्यांतली तडजोड.

पैसे खरंच आले होते. मॅकेसन, कार्डिनल आणि अमेरिसोर्सबर्गन हे तीन औषध वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन मिळून सुमारे २६ अब्ज डॉलर द्यायला तयार झाले. वितरकांचे हप्ते १८ वर्षं चालणार. आमच्या राज्यानं स्वतःकडे १५ टक्के ठेवून ८५ टक्के काउंट्या आणि शहरांकडे सोपवले.

मी अर्जात लिहिलं, 'घर चालवायला मदत हवी.' तीन आठवड्यांनी अर्ज परत. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "ऑप्शन एच्या बारा उपायांपैकी कुठला, ते लिहा." ऑप्शन ए म्हणजे हा पैसा कशावर खर्चता येईल त्याची राज्याची एक ठरलेली यादी. ओव्हरडोस उतरवणाऱ्या नॅलोक्सोन औषधाचं वाटप, तुरुंगातले व्यसनावरचे उपचार असे ते उपाय. त्यात रिकव्हरी हाऊसिंगची ओळ सापडली: भाडं, डिपॉझिट, वीज-पाणी. मी खूश. पण पुढे औषधोपचारावर असलेल्यांना ठेवून घेणाऱ्या घरांचा उल्लेख होता, आणि आमच्या फ्रिजवरच्या नियमावलीत सातवा नियम, 'ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांना प्रवेश नाही.' ब्युप्रेनॉर्फिन म्हणजे याच व्यसनावरचं, स्वतःही ओपिऑइड असलेलं औषध.

जुन्या मंडळींचं म्हणणं, एक गोळी सोडून दुसरी धरली तर सुटका कसली? त्या औषधानं तलफ आवरते, ओव्हरडोसनं मरायचा धोका घटतो, हे सांगून माझा घसा बसला. दोन मीटिंगा नुसतं भांडण. शेवटी आमच्या मॅनेजरनंच उठून तो कागद नखानं खरवडून काढला.

मग ठराव. कुठल्या उपायाला किती रक्कम आणि किती काळासाठी, हे काउंटीच्या निवडून आलेल्या कमिशनरांच्या ठरावात यावंच लागतं, आणि पैसा राहतो वेगळ्या फंडात. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीची ठरावाची वही आठवली! आधी चिडले होते, पण तंबाखू कंपन्यांशी १९९८ साली झालेल्या अशाच सेटलमेंटचा बराच पैसा राज्यांनी भलतीकडेच जिरवला होता, तेव्हा एवढी कुंपणं हवीतच.

मंजुरी मिळाली. नंतर कळलं, आधी खर्च करा, पावत्या द्या, मग पैसे. पहिल्या तीन महिन्यांचं भाडं उसनवारीवर भागवलं. पावत्या बुटांच्या खोक्यात ठेवते. गेल्या महिन्याच्या वीजबिलावर कुणीतरी कॉफी सांडलीय. ते सध्या इस्त्रीच्या टेबलावर वाळतंय.